नोंदणी निलंबित झालेल्या डॉक्टरांनी अपील कसं करावं
आदेश हातात पडला की आधी पाकीट जपून ठेवा. मुदत आदेशाच्या तारखेपासून नाही, तो मिळाल्यापासून मोजतात. टपालाचा शिक्का हाच पुरावा.

डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात धावू नका. २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्याच्या कलम ३० नुसार पहिलं अपील दिल्लीच्या नीती व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे जातं. तिथं हरलात तर ६० दिवसांत आयोगाकडे दुसरं. हे टप्पे गाळून रिट (थेट हायकोर्टात करायची याचिका) टाकली तर 'पर्यायी उपाय आहे' एवढ्यावरच ती परत येऊ शकते. सुनावणीच दिली नसेल किंवा अधिकारच नसताना आदेश झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

आयोगानंतर मात्र संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठायला नको. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

इथं बहुतेकांची गफलत होते: याचिकेत उपचार कसे बरोबर होते याची पन्नास पानं. न्यायालय केसपेपर नव्याने तपासत बसत नाही. तज्ज्ञांचा अहवाल तुम्हाला दिला नाही, उलटतपासणी नाकारली, आदेशात कारणंच नाहीत, झालेल्या चुकीच्या मानाने शिक्षा अवाजवी आहे, हे मुद्दे पहिल्या दोन पानांत, पान क्रमांकासह हवेत.

आणि स्थगिती वेगळी मागा. अपील दाखल झालं म्हणून निलंबन आपोआप थांबत नाही. त्या काळात ओपीडी चालवली तर नवी तक्रार ओढवून घ्याल.