पाइपलाइन आखायची? आधी रस्ता चाला

नगरपालिकेची पाण्याची लाइन आखायची तर मोबाइलवरचा नकाशा बाजूला ठेवा आणि पाणी सुटायच्या वेळी रस्त्याने चालत जा. नळजोड जास्त असतील ती बाजू आपली, नाहीतर प्रत्येक घरासाठी डांबर फोडत बसावं लागतं. त्याच बाजूला भूमिगत गटार असेल तर 3 मीटर अंतर ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर पाणी वर, गटार खाली, मध्ये अर्धा मीटर.

मग ट्रायल पिट, म्हणजे खाली काय आहे ते बघायचा चाचणी खड्डा, निदान प्रत्येक चौकात एक. जेसीबी नको, टिकाव-फावडंच. जुनी एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटची) लाइन आणि टेलिफोनची केबल कागदावर दाखवलेल्या जागी क्वचितच सापडते, आणि केबल तुटली की निस्तरायचं आपणच.

पाइपाच्या माथ्यावर मीटरभर माती हवी. चढाच्या माथ्यावर अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह, खोलगटात लाइन धुऊन गाळ-पाणी बाहेर काढणारा स्कावर व्हॉल्व्ह. तो नाल्याजवळ घ्या, कुणाच्या दारात नको. डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाच्या) पाइपाचा जोड थोडा वळतो, त्यामुळे लांबट वळणावर बेंड, म्हणजे वाकडा तुकडा, लागत नाही. काटकोनात मात्र बेंडमागे थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे पाण्याचा रेटा झेलणारा काँक्रीटचा ठोकळा, हवाच, तोही न खणलेल्या मातीला टेकवून. भरावाला टेकवलेला ब्लॉक म्हणजे वाया गेलेलं काँक्रीट.

रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर परवानगीचा अर्ज आजच टाका.