नवलकोलाचा पाला आणि शिलाईची टेप

बेळगावच्या वडगावात मी ब्लाऊज शिवते, एकवीस वर्षं झाली. माझ्या वहीत आमच्या निम्म्या गल्लीची छाती, कंबर, मुंढा, बाही लिहिलेली आहे. त्यामुळं कोण भरली आणि कोण उतरली, हे तिच्या नवऱ्याआधी मला कळतं. फक्त माझं स्वतःचं माप त्या वहीत नव्हतं. गेल्या संक्रांतीला काळी साडी काढली, तिच्यावरचा ब्लाऊज मुंढ्यात अडकला. उसवून मार्जिन सोडावं म्हटलं, तर आत मार्जिनच शिल्लक नाही. आधीच दोनदा सोडून झालेलं. मग दार लावून टेप कमरेला लावली. ३७ इंच. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ७६ किलो.

पुण्याची लेक फोनवर म्हणाली, "आई, केल खा. वजन उतरतं."

सासूबाई शेजारीच बसलेल्या. "काय केलंस गे?"

"केलं नव्हे हो, केल. पाला आहे तो."

टिळकवाडीत एका मोठ्या दुकानात मिळाला. काळपट हिरवा, कडेला झालर असलेला, प्लॅस्टिकच्या डब्यात घाम येऊन कोमेजलेला. दोनशे ग्रॅमला दीडशे रुपये. तेवढ्यात शनिवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी येते. तरी घेतला, खाल्ला, आणि जीभ म्हणाली की ही चव ओळखीची आहे. नवलकोलाचा पाला!

नंतर कळलं ते असं की केल, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी एकाच जातीच्या झाडाची पोरं आहेत. कुणाचा गड्डा खायचा, कुणाचं फूल, कुणाचं फुगलेलं खोड आणि कुणाचं नुसतं पान. काश्मिरात नवलकोल पाल्यासकट शिजवतात. आणि आमच्या बेळगावात, जिथून रोज गाड्या भरून भाजी गोव्याला जाते, तिथं विकणारी बाई विचारते, "अक्का, पाला काढू काय?" आणि आपण मान हलवतो. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, काढू नको, बाकीच्यांचा काढलेला पण दे. तिनं विचारलं, घरी शेळी आहे काय.

आता मूळ प्रश्न. पाला खाऊन वजन उतरतं का? माझ्या अनुभवानं सांगते, पहिले दोन महिने मी रोज पालेभाजी खाल्ली आणि काटा ७६ वरून ७६.५ वर गेला.

पाल्यात चरबी जाळणारं काही नसतं, केलमध्येही नाही. पाल्यात असतं मुख्यतः पाणी, दहातले नऊ भाग, आणि थोडा चोथा. शंभर ग्रॅम पालकात साधारण २३ कॅलरी, केलमध्ये ३५ च्या आसपास. म्हणजे पोट भरतं आणि पदरात फार काही पडत नाही. पण हा फायदा कधी मिळणार? पाल्यानं ताटातलं दुसरं काहीतरी हटवलं तरच. मी पाला वाढवला होता; भाकऱ्या तीनच होत्या, भात होता तेवढाच होता आणि भाजीवर तेलाचा तवंग होता.

तेलाचं सांगते, कारण माझी खरी चोरी तिथं पकडली गेली. आमच्याकडं फोडणीला पळी असते. किती तेल, विचारलं तर 'एक पळी'. एकदा खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं, ज्यावर १५ मिलीची खूण असते, ती पळी मोजली. तीन टोपणं बसली. ४५ मिली गोडं तेल म्हणजे साडेतीनशेच्या वर कॅलरी. मेथीच्या दोन पेंड्यांत मिळून तेवढ्या नसतील. वर मूठभर शेंगदाण्याचा कूट, तो ३० ग्रॅम धरा, म्हणजे आणखी १७०. घरात खाणारी माणसं तीन, आणि कढईच्या तळाचं तेल पुसून खाणारी मी एकटी.

तेव्हा पहिलं काम हे करा: पळी उचलून माळ्यावर ठेवा. चहाचा चमचा घ्या. तिघांच्या भाजीला दोन चमचे तेल, म्हणजे १० मिली. पहिला आठवडा घरात तोंडं वाकडी होतील. आमच्याकडं सासूबाईंनी तीन दिवस लोणच्याशी भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी मी लसूण दुप्पट केला आणि प्रश्न मिटला.

नवलकोलाचा पाला असा करायचा. कोवळा घ्या, पान मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे, रबरासारखं वाकलं तर ते जून. चिरायच्या आधी धुवा, नंतर नव्हे. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पानं बुडवून हलवायची आणि हातानं वर उचलून घ्यायची. पातेलं उपडं करून पाणी ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. पावसाळ्यात तीन पाण्यांतून काढल्याशिवाय दाताखाली कचकच जात नाही. मधला जाड दांडा कापून टाका. पानं एकावर एक ठेवून विडीसारखी गुंडाळी करा आणि बारीक चिरा. मूठभर मुगाची डाळ अर्धा तास आधी भिजत घातलेली असू द्या. दोन चमचे तेलात मोहरी, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मग डाळ, मग पाला. पाण्याचा एक हबका मारून झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांत होतो.

मीठ मात्र शेवटी. कच्चा पाला कढईच्या वर डोंगरासारखा दिसतो, त्या अंदाजानं मीठ टाकलं की शिजल्यावर वाटीभर भाजीत ते सगळं उतरतं. मी शिवणाच्या घाईत हे दोनदा केलंय. एकदा ती भाजी पिठात मळून थालीपीठं केली आणि त्या थालीपिठांनी सगळं तेल परत वसूल केलं.

उतरवल्यावर लिंबू पिळा. पाल्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतलात तर तो उलटं काम करतो, म्हणून माझा चहा आता तासाभरानं.

दुसरं काम ताटातल्या क्रमाचं. आधी पाला, मग भाकरी. बैलहोंगल, सौंदत्तीकडची माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांदापात, मुळा, हक्करकी नावाच्या रानभाजीची पानं, सगळं मुठीनं. कन्नड बायका पाल्याला तप्पला म्हणतात आणि तो चिरतही नाहीत, तोडून खातात. आम्ही मराठी घरांत हे पाहुणचार म्हणून एखाद्या दिवशी करतो आणि विसरतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये ४२ बायकांवर असाच प्रयोग झाला होता, लेकीनं वाचून दाखवला. जेवणाआधी साधी, कमी तेलाची पाल्याची मोठी बशी खाल्ली तेव्हा त्या जेवणातल्या एकूण कॅलरी १२ टक्क्यांनी कमी झाल्या. तीच बशी चीज आणि तेलकट ड्रेसिंग घालून दिली, तर १७ टक्क्यांनी वाढल्या. माझ्या पहिल्या दोन महिन्यांचा हिशोब कुणीतरी आधीच मांडून ठेवला होता म्हणायचा.

मी करते ते असं: जेवायला बसायच्या आधी एक वाटी कच्चं काहीतरी. मेथीची पानं, कांदापात, काकडी, वर लिंबू आणि मीठ. कूट नाही. मग ताटात मोठी वाटी पालेभाजी आणि दोनच भाकऱ्या. तिसरी करायचीच नाही. टोपलीत असली की हात जातो, माझा तरी जातो. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी. दोन्ही वेळची एकेक गळली की चारशे गेल्या. खरा उतार इथून आला. पाल्यानं फक्त ती तिसरी भाकरी आठवू दिली नाही. डाळ किंवा उसळ मात्र सोडू नका. नुसत्या पाल्यावर राहिलात तर चार वाजता कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, दिसायला लागतो, आणि बेळगावात कुंदा दिसणं म्हणजे फार लांब जावं लागत नाही.

रसाच्या नादाला लागू नका. मीही लागले होते. पालक, काकडी, आलं मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, सकाळी उपाशीपोटी. गाळणीत राहिला तो चोथा, म्हणजे पोट भरणारी गोष्टच मी कुंडीत टाकत होते. दहा वाजता मशीनवर बसले की पोटात घोडे, मग शेजारणीकडचे पोहे. चावण्यात वेळ जातो, त्या वेळात पोटाचा निरोप डोक्याला पोचतो. रस दोन घोटांत संपतो.

केलच हवा असा हट्ट नको. थंडीत मेथी, शेपू, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला. उन्हाळ्यात राजगिरा, अंबाडी, घोळ. पाऊस लागला की जांबोटी-खानापूरकडच्या बायका टाकळा, कुर्डू घेऊन बसतात. शेवग्याचा पाला तर बऱ्याच परसात फुकट आहे. चवीला एकाचा कंटाळा आला की दुसरा, एवढंच. अंबाडी तेल पिते, हे खरं. तिच्यात ज्वारीच्या कण्या घालून शिजवा, तेल कमी लागतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था रोज ४०० ग्रॅम भाज्या खायला सांगते, पाला धरून. तेवढ्यावर एकदम उडी मारू नका. मी मारली आणि आठवडाभर पोट ढोलासारखं वाजत होतं. अर्ध्या वाटीपासून चढवत जा आणि पाणी वाढवा.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या हृदयाची झडप बदललीय, त्या रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी घेतात. पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं, केलमध्ये तर फारच, आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. त्यांच्या डॉक्टरांनी पाला बंद केला नाही. रोज सारखाच खा, आज पातेलंभर आणि उद्या काही नाही असं नको, एवढं बजावलं. माझ्या दिरांना मुतखडा आहे. त्यांना पालक आणि राजगिरा जपून, कारण त्यात ऑक्झलेट जास्त. खायचाच झाला तर उकळून ते पाणी फेकून आणि सोबत दही घेऊन. मेथी आणि नवलकोलाचा पाला त्या मानानं बरा. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियममुळं पालेभाजीचं प्रमाण डॉक्टरच ठरवणार. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भाकरी-भात अचानक तोडला तर साखर खाली येऊ शकते, तेही आधी बोलून घ्या.

आता माझ्या धंद्यातलं. काट्यावर रोज चढू नका. एक लिटर पाणी प्यायलं की एक किलो वाढतं, खारट जेवलं की दुसऱ्या दिवशी अंगात पाणी धरतं, आणि आपण उगाच पाल्याला दोष देतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्यापेक्षा टेप खरी. बरगडीचं खालचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप अंगाला टेकलेली पण आवळलेली नाही. पोट आत ओढायचं नाही. माझ्यासमोर सगळ्या ओढतात आणि मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. टेप पण तपासून घ्या. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबते आणि तुम्हाला न झालेला बारीकपणा दाखवते. माझी जुनी टेप छत्तीस इंची लोखंडी गजाला लावली तर पाऊण इंच लांबलेली निघाली. म्हणजे संक्रांतीची ३७ खरी पावणेअडतीसच्या जवळ असणार! आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. मी अजून तिथं नाही. मार्चपासून ऑगस्टपर्यंत ७६.५ ची ७१ झाले, कंबर नव्या टेपनं ३४. महिन्याला किलोभर. कुणी पंधरा दिवसांत दहा किलो म्हणालं तर त्याच्याकडची टेप बघायला मागा.

संध्याकाळी अर्धा तास चालतेही, अनगोळच्या रस्त्यानं. त्याचा वाटा किती आणि दोन भाकऱ्यांचा किती, मला वेगळा काढता येत नाही. पण भाकरीकडं माझा कल जास्त आहे, कारण जूनमध्ये पावसानं चालणं तीन आठवडे बंद होतं आणि टेप तरी सरकलीच.

गिऱ्हाइकं माप द्यायला आली की आता हेच विचारतात, आणि मी शनिवारी बाजारात पाठवते. परिणाम असा झालाय की त्या भाजीवालीनं नवलकोलाच्या पाल्याची वेगळी पेंडी बांधायला सुरुवात केलीय. परवा मलाच दहा रुपये सांगितले. मी म्हटलं, शेळीचं काय झालं? ती म्हणाली, "शेळ्या वाढल्या की, अक्का."