खानदेशातून भोपाळच्या वनविहाराला जाताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबांना मुलांसह वन्यप्राणी पाहायला जायचे असेल, तर भोपाळचे वनविहार राष्ट्रीय उद्यान हा उत्तम पर्याय आहे. १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेला हा सुमारे ४४५ हेक्टरांचा परिसर भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी पसरलेला असून, त्याची व्यवस्था प्राणीसंग्रहालयाच्या पद्धतीने ठेवली जाते. इतर ठिकाणांपेक्षा त्याचे वेगळेपण असे की, केवळ लोकांना दाखवण्यासाठी जंगलातून प्राणी पकडून येथे आणले जात नाहीत. आईपासून दुरावलेली पिल्ले, जखमी अवस्थेत सापडलेले प्राणी, सर्कशीतून सोडवलेले किंवा अन्य प्राणीसंग्रहालयांतून आलेले प्राणी येथे सांभाळले जातात. ही गोष्ट मनात ठेवून गेलात, तर भेटीचा सारा रोखच बदलतो. कारण मग ‘वाघ दिसला का?’ यापेक्षा ‘हा वाघ येथे का आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रवास सोपा आहे. भुसावळहून खंडवा आणि इटारसीमार्गे भोपाळ साधारण ४०० किलोमीटर असून मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या याच मार्गाने धावतात. धुळ्याच्या प्रवाशांनी चाळीसगावला आणि नंदुरबारकडून तापी मार्गाने येणाऱ्यांनी जळगाव किंवा भुसावळला गाडी बदलावी. रात्रीची गाडी धरून सकाळी पोहोचणे सर्वांत सोयीचे. मात्र आरक्षण करण्यापूर्वी उद्यानाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे हे अवश्य पाहावे. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद राहावे लागते आणि प्राण्यांना मिळणारी ती विश्रांती योग्यच आहे.

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांना प्राधान्य द्यावे. वैशाखातल्या उन्हात प्राणी सावलीला जाऊन पडतात आणि माणसेही थकतात. थंडीत मात्र प्राणी अधिक हालचाल करतात, शिवाय तलावावर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. उद्यान उघडताच आत जावे, दुपारी बाहेर येऊन जेवण आणि विश्रांती घ्यावी. बोट क्लबच्या बाजूचे रामू द्वार आणि भदभद्याच्या बाजूचे चिकू द्वार यांना जोडणारा तलावाकाठचा रस्ता सुमारे पाच किलोमीटरचा आहे. शक्य असेल त्यांनी तो पायी किंवा सायकलने पार करावा, कारण वेगात जाताना झाडीतले सांबर डोळ्यांना दिसतच नाही. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत, सोबत पाणी आणि शक्य असल्यास दुर्बीण असावी.

चितळ, सांबर, काळवीट आणि आपल्याकडचे शेतकरी ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय हे प्राणी येथे मोकळे फिरतात, तर वाघ, सिंह, बिबट्या, तरस आणि अस्वल मोठ्या बंदिस्त आवारांत असतात. सगळे काही पाहून टाकण्याची घाई करू नये. दोन-तीन आवारे निवडून प्रत्येकापाशी निदान अर्धा तास शांतपणे थांबावे, फलक पूर्ण वाचावा आणि कर्मचारी मोकळे असतील तर त्या प्राण्याची हकिगत विचारावी.

अस्वलांपाशी अवश्य थांबा. पूर्वी खानदेशातल्या गावांतही दरवेशी अस्वल घेऊन येत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या खेळासाठी पिल्लाच्या नाकातून दोर ओवला जाई आणि त्याचे दात पाडले जात. अशी सोडवलेली अस्वले पुन्हा जंगलात स्वतःचे पोट भरू शकत नाहीत, म्हणून वनविहारात त्यांच्यासाठी स्वतंत्र बचाव केंद्र उभारण्यात आले. मुलांना ही गोष्ट लपवून न ठेवता सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारशिंग्याची कथा वेगळी आहे. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारा हा हरणाचा प्रकार १९७० च्या सुमारास कान्हा येथे केवळ ६६ इतका उरला होता. पुढे संरक्षणामुळे तो सावरला, तरीही सगळा कळप एकाच जंगलात असेल तर एखाद्या साथीने तो नष्ट होऊ शकतो, म्हणून २०१५ मध्ये कान्ह्यातून काही बारशिंगे वनविहारात आणण्यात आले. भोपाळजवळच्या केरवा येथे गिधाडांचे प्रजनन केंद्रही आहे. ते पर्यटकांसाठी नाही, पण त्याच्याशी आपला थेट संबंध आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेले मेलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत गेली. जनावरांसाठी त्याचा वापर २००६ मध्ये बंद करण्यात आला. ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांनी पशुवैद्यांकडे मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध मागावे.

आत वागायचे नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर पाळायला हवेत. प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाट करणे आणि कचरा टाकणे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. प्रेमापोटी दिलेली पोळी किंवा बिस्किटेही हरणांना घातक ठरतात, कारण त्यांचे पोट तंतुमय चाऱ्यासाठी घडलेले असते आणि पिठूळ अन्न त्यात वेगाने आंबून आम्लता वाढवते. गिळलेली प्लास्टिकची पिशवी तर पोटातच राहते. म्हणून प्रवासासाठी बांधून घेतलेली कळण्याची भाकरी आणि भरीत प्रवेशद्वाराबाहेरच संपवावे. छायाचित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा आणि प्राण्याने आपल्याकडे पाहावे म्हणून शिट्टी किंवा टाळी वाजवू नये. ज्यांना आणखी हातभार लावायचा असेल, त्यांनी प्राणी दत्तक घेण्याच्या योजनेची कार्यालयात चौकशी करावी. तिच्यात प्राणी घरी न्यायचा नसतो, त्याच्या पालनपोषणाचा खर्च उचलायचा असतो.

एक प्राणी मात्र येथे शोधू नये. शहाद्याजवळ १९९७ मध्ये तब्बल ११३ वर्षांनी पुन्हा सापडलेला रानपिंगळा हा सातपुड्याच्या सागवनातला पक्षी असून, तो पाहायचा तर तोरणमाळ किंवा यावल अभयारण्यासारख्या परिसरात, जाणकार वाटाड्याबरोबर जावे लागते.

परतल्यावर उपयोगी पडेल अशी माहितीही येथूनच न्यावी. केळीच्या बागेत किंवा उसात बिबट्याची पिल्ले दिसली, तर आई बहुधा जवळच असते. पिल्लांना हात लावू नये, उचलून घरी आणू नये, भोवती गर्दी होऊ देऊ नये. मजुरांना तेथून शांतपणे दूर न्यावे आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी पिल्ले त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात आणि ती रात्री येऊन त्यांना घेऊन गेली, तर त्या पिल्लांवर बंदिस्त आवारात आयुष्य काढण्याची वेळ येत नाही.