स्वतःच्या गाडीने नेपाळला जाताय? भन्सारच्या या चुका टाळा

नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सुनौलीला पोचेपर्यंत माणूस पार थकलेला असतो. मागच्या सीटवर मुलं कुरकुरत असतात आणि समोर नेपाळची कमान दिसत असते. नेमक्या त्याच तासाभरात सगळ्या चुका होतात. ओळखीतल्या कितीतरी जणांचे फोन मला याच नाक्यावरून आलेत, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

पहिली चूक म्हणजे न थांबता पुढे जाणं. "यूपीची गाडी सरळ गेली, आम्हीही गेलो." अहो, ती गाडी पलीकडच्या बाजारात जाऊन संध्याकाळी परत येणारी. तुम्हाला पोखऱ्याला जायचंय. सीमा खुली आहे ती माणसांसाठी. गाडीला भन्सार, म्हणजे दिवसाच्या हिशेबाने पैसे भरून मिळणारी तात्पुरती परवानगी, लागतेच. ती नसताना पुढच्या तपासणीत सापडलात तर गाडी जप्त होऊ शकते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. २०२३ ची दिवाळी. १० नोव्हेंबरला आम्ही आत गेलो, १६ ला परतायचं होतं, म्हणजे सात दिवस. रांग मोठी होती. एक एजंट म्हणाला, "साहेब, गाडीत बसा, करून आणतो." सात दिवसांचे पैसे दिले, वीस मिनिटांत कागद हातात. त्यावर शेवटची तारीख होती २०८०/०७/२८. आकडे आपल्यासारखेच देवनागरीत, त्यामुळे वाचता आलं आणि वाचता आलं म्हणून कळलं असं वाटलं. मधला ०७ बघून मी सात दिवस समजलो आणि कागद डॅशबोर्डच्या खणात टाकला.

परत येताना खिडकीतल्या माणसाने तारखेवर बोट फिरवलं आणि मान हलवली. मग भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. चौकटीत मोठ्या अक्षरात २८, कोपऱ्यात बारीक १४. ०७ म्हणजे विक्रम संवतातला सातवा महिना, कार्तिक. २८ कार्तिक म्हणजे १४ नोव्हेंबर. एजंटने पाचच दिवसांचं भन्सार केलं होतं. दंड भरला, तीन तास गेले, आईला उन्हात बसावं लागलं. तो माणूस नियमाने वागत होता. कागद तपासला नाही मी.

तेव्हापासून खिडकीशी मी स्वतः उभा राहतो, कितीही वेळ लागो. रांग वाचवणारा एजंट मला आता फुकट दिला तरी नको. तिथेच शेवटची तारीख इंग्रजी महिन्यात विचारून घेतो आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहितो. शिवाय दोन दिवस जास्तीचे घेतो. पावसाळ्यात मुग्लिन–नारायणगड रस्त्यावर दरड आली की तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. मुदत वाढवायची असेल तर ती संपायच्या आत भन्सार कार्यालय गाठा. वर्षाला एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

आधार कार्डावर विसंबू नका. मोठ्या माणसांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्यावं.

आरसी मूळच हवी. मोबाईलमधली दाखवून वाद घालत बसू नका. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते सोबत नसतील तर त्यांचं सही केलेलं अधिकारपत्र घ्या.

आपला नेहमीचा विमा सीमेपलीकडे चालत नाही. निघायच्या आठवडाभर आधी विमा कंपनीला सांगून थोडा जादा हप्ता भरून नेपाळ जोडून घ्या. हे कोणीच करत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पलीकडच्या घाटात धडक झाली तर काय करणार?

पैसे देताना "आयसी की एनसी?" हे आधी विचारा. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. न विचारता देणारा दीडपटीहून जास्त देऊन बसतो. १०० च्या नोटा भरपूर ठेवा.

आणि परतताना घाईत कमान ओलांडून येऊ नका. भन्सारचा कागद खिडकीत जमा करा, गाडी बाहेर गेल्याची नोंद होताना समोर उभे राहा आणि कागद देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.