नववी-दहावीच्या पोरांचं ‘पुढे काय?’ – वर्गशिक्षक आणि पालकांना जमेल असं

दहावीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू करणारे पालक दरवर्षी असतातच, आणि तेव्हा हातात वेळ किती तर जेमतेम काही आठवडे, त्यातच अकरावीचा फॉर्म, पॉलिटेक्निकचा फॉर्म, आयटीआयचा फॉर्म, दाखले, सेतूची रांग, आणि वर शेजारच्या काकांचे सल्ले. म्हणून मी म्हणते हे सगळं नववीच्या दिवाळीनंतर सुरू करा, वर्गशिक्षक असाल तर वर्गात, पालक असाल तर घरी, करायचं तेच आहे.

आणि एक गोष्ट आधीच क्लिअर करून टाकू, पंधरा वर्षांच्या पोराने करिअर फायनल करावं ही अपेक्षाच नको. त्याने दोनच गोष्टी करायच्या. चार-पाच प्रकारची कामं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, आणि कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं ते माहिती करून घ्यायचं. बाकी बारावीपर्यंत मन दहादा बदलतं, बदलू दे.

सुरुवात प्रश्नापासून

‘मोठेपणी कोण होणार?’ विचारलं की वर्गातून डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर, पोलीस, आणि हल्ली यूट्यूबर, की यादी संपली. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांना कामांची नावंच तेवढी माहिती असतात. त्यापेक्षा असं विचारा: घरात कुठलं काम तुझ्यावरच येऊन पडतं? काय करताना जेवायची हाक ऐकू येत नाही? मित्र तुला कशासाठी बोलावतात? मग उत्तरं येतात, की मोटर बंद पडली की मलाच बघायला लावतात, मंडळाच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे असतो, गणपतीची मखर मीच करते, आजीची बीपीची गोळी आणि दवाखान्याची फाईल मी सांभाळते. हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा, तारीख टाकून. सहा महिन्यांनी परत तेच विचारा. दोन्ही वेळा जे आलं ते लक्षात ठेवायचं, एकदाच आलं ते सोडून द्या.

यात मार्कांचा विषय काढू नका. मार्क कशात आहेत हे सगळ्यांना आधीच माहिती असतं.

काम बघायला न्या, कॉलेज नको

शाळा सहली काढून कॉलेज दाखवतात, बिल्डिंग बघून पोरांना काय कळणार. काम दाखवा. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाहीये. आमच्या पश्चिम महाराष्ट्राच्या पट्ट्यात तर साखर कारखान्यासारखी जागा नाही. गळीत हंगाम चालू असताना, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र कार्यकारी संचालकांच्या नावाने द्या, बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. आणि मुलांना एकच काम सांगा, गव्हाणीपासून, म्हणजे ऊस टाकतात तिथून, गोदामापर्यंत चालत जायचं आणि किती वेगवेगळी कामं दिसतात ती लिहायची.

मग बघा काय निघतं. वजनकाट्यावर बसलेला माणूस. शेतकी विभागाचा अधिकारी, तो बहुतेक बीएस्सी ॲग्री झालेला. बॉयलरवर अटेंडंट, त्याला बाष्पके संचालनालयाची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते आणि ती परीक्षा असते हे वर्गातल्या एकाही पोराला माहिती नसतं, बाप तिथेच कामाला असला तरी. लॅबमधले केमिस्ट, बीएस्सी केमिस्ट्री करून पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला शिकलेले. वीजनिर्मितीच्या युनिटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला, पॅनेलपाशी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, अकाउंट्समध्ये बीकॉम, ऑडिटला येणारा सीए, डिस्टिलरीवाले, कायदा बघणारा वकील, कामगार अधिकारी. एका कंपाउंडच्या आत दहावीपासून पुढचे जवळजवळ सगळे रस्ते दिसतात, तेही ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्यांसकट.

कारखाना नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, एसटीचा डेपो, एमआयडीसीतलं एखादं युनिट, गुरांचा दवाखाना, भूमी अभिलेखचं ऑफिस, काहीही चालेल. शहरातल्यांनी उलट जास्त कष्ट घ्यायला हवेत, कारण सोसायटीतल्या पोरांना आईबाबा ‘आयटीत आहेत’ एवढंच माहिती असतं, दिवसभर नेमकं काय करतात हे विचारलं तर लॅपटॉप, मीटिंग. एक शनिवार आईबाबांनीच आपलं काम नीट समजावून सांगा.

भेटीत मुलांनी हे विचारायचं, आधीच कागदावर लिहून द्या:

– दिवस कसा जातो, सकाळपासून?
– या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय?
– इथपर्यंत यायला काय शिकलात, किती वर्षं गेली, घरच्यांचे पैसे किती लागले?
– सुरुवातीला हातात किती पडायचे?
– परत दहावीत गेलात तर काय वेगळं कराल?

पगाराचा प्रश्न विचारायला मुलं लाजतात आणि मोठेही गप्प करतात, ‘असं विचारू नये’ म्हणून. विचारू द्या. फक्त ‘सुरुवातीला’ हा शब्द सोडायचा नाही, आत्ताचा आकडा सांगायला माणसं संकोचतात, जुना मोकळेपणाने सांगतात.

आता दारं

हा भाग रूक्ष आहे पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. एक मोठा कागद घ्या, उभ्या रेघा मारा, वर लिहा सायन्स मॅथ्ससह, सायन्स बायोसह, कॉमर्स, आर्ट्स, डिप्लोमा, आयटीआय. खाली मुलांनीच भरायचं की कुठून कुठे जाता येतं.

भरताना हे लक्षात असू द्या. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. बायो सोडलं की मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचं बहुतेक सगळं. फार्मसीला दोन्ही ग्रुप चालतात. बारावीनंतर फौजेत अधिकारी व्हायचं तर एनडीए, तिच्या आर्मी विंगला कुठलीही शाखा चालते पण नेव्ही-एअरफोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं, हे न कळल्यामुळे आर्ट्स घेऊन बसलेली पोरं असतात. उलट वकिली, सीए, एमपीएससी-यूपीएससी, अहमदाबादच्या एनआयडीसारखं डिझाईन, यांना कुठलीही शाखा चालते, त्यामुळे ‘स्पर्धा परीक्षेसाठी आर्ट्सच घ्यावं लागतं’ किंवा ‘सीएला कॉमर्सच पाहिजे’ हे दोन्ही ऐकीव. नर्सिंगमध्ये बीएस्सीला बायो लागतं, पण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, सायन्सला पसंती असली तरी आर्ट्सची मुलगीही पात्र असते. आणि सायन्समधून आर्ट्स-कॉमर्सकडे कधीही येता येतं पण तिकडून सायन्समध्ये परत जाता येत नाही, म्हणून लोक ‘सायन्स घेऊन ठेव’ म्हणतात. सल्ला अगदीच चुकीचा नाहीये, फक्त ज्याला दहावीचं विज्ञान-गणित रेटून रेटून झालंय त्याच्या दोन वर्षांची वाट लागते ते कोणी सांगत नाही.

पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स आणि बायो दोन्ही, घेऊन दोन्ही दारं उघडी ठेवणं शक्य आहे, पण लोड खरंच असतो. कोणाला बायो नकोच असेल तर बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे, ते कुठल्या कॉलेजात आहे हे आधी बघून ठेवा, सगळीकडे नसतं.

डिप्लोमाबद्दल जरा जास्त बोलते कारण त्याला अजून लोक नाक मुरडतात. दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकला प्रवेश, सीईटी नाही, तीन वर्षांचा कोर्स, आणि नंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं, तिथेही सीईटी नाही. एकूण वर्षं बारावी करून गेलेल्याएवढीच लागतात, आणि मध्ये थांबून नोकरी धरायची सोय राहते. आयटीआयचंही तसंच, इलेक्ट्रिशियन-फिटर दोन वर्षांचे, वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एका वर्षाचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आयटीआयचं पोरगं एकेक पायरी चढत डिग्रीपर्यंत पोचू शकतं. हे कागदावर बाण काढून दाखवा, आणि पालकसभेत तर नक्कीच दाखवा.

ज्यांना फौजेत जायचंय त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. त्याची परीक्षा दहावीतच द्यायची असते, निकालानंतर आठवलं तर उपयोग नाही.

सायन्सला जाणाऱ्यांना अजून एक सांगा, अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हा समज काढून टाका. एमएचटी-सीईटीत अकरावीचाही साधारण २० टक्के भाग असतो आणि नीट-जेईईत तर दोन्ही वर्षं पूर्ण. कॉमर्सवाल्यांनाही आता मोकळं नाही, बीबीए-बीसीए-बीएमएसला २०२४ पासून सीईटी आहे आणि तिचे फॉर्म बारावीचा निकाल लागायच्या आधीच निघतात.

चाचण्या, क्लास, काउन्सेलर

अभिक्षमता चाचणी करायला हरकत नाही, ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागासारखी वर्षानुवर्षं हे काम करणारी ठिकाणं आहेत, पण रिपोर्ट म्हणजे कुंडली नव्हे. त्यातून दोन-तीन दिशा मिळतात, मग त्या दिशांची कामं बघायला जायचं. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारे शाळेत आले तर सरळ परत पाठवा, त्याला काही शास्त्रीय आधार नाही, आणि फी मात्र भरपूर.

क्लास आणि कॉलेज एकत्र असलेल्या पॅकेजवाल्यांना तीन गोष्टी लेखी मागा: पोराने मध्येच सोडलं तर फीचं काय, प्रॅक्टिकल खरंच कुठे आणि कधी होणार, आणि टॉपर बॅच सोडून बाकीच्या बॅचला शिकवणार कोण. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस विषय बदलायला लागला तर समजून जा.

पैसे आणि कागदपत्रं

हे नववीतच. पोरांसमोर पैशाचं बोलायचं नाही ही आपली पद्धत, त्यामुळे पोरगं एका स्वप्नात आणि बाप दुसऱ्याच काळजीत. एका संध्याकाळी बसा, एका कोर्सचा पूर्ण खर्च लिहा, नुसती फी नाही, हॉस्टेल, मेस, प्रवास, क्लास, सगळं. शेजारी सवलती लिहा. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात सवलत आहे, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या त्याच उत्पन्नगटातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत विसरा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. धाकटं भावंड आठवीत असेल तर त्याला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

कागदांमध्ये उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आणि सगळ्यात वेळखाऊ जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका, बारावीनंतरच्या प्रवेशाच्या तोंडावर महिनोन् महिने फाईल फिरत बसते. आणि आधी नाव तपासा! आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं, बापाचं नाव तिसरंच, हे सर्रास असतं. रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच होते, दाखला घेऊन गेल्यावर फार अवघड. वर्गशिक्षकांनी बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी प्रत्येकाचं आधार आणि रजिस्टर शेजारी ठेवून बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

फॉर्म भरताना

अकरावी २०२५-२६ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाईन झाली. दहापर्यंत कॉलेजं पसंतीने लिहिता येतात, आणि मेख अशी आहे की पहिल्या पसंतीचं लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून मित्राने टाकलं म्हणून पहिल्या नंबरला काहीही टाकू नका. मागच्या वर्षीचा कटऑफ बघा, रोजचा प्रवास बघा, एसटी कितीला सुटते बघा. मुलींच्या बाबतीत तर बस नाही म्हणून कॉलेज सुटतं, हे बोलायला कोणी तयार नसतं पण असतं. डिप्लोमा आणि आयटीआयचे फॉर्मही त्याच काळात भरून ठेवा, तीनही भरता येतात, प्रवेश एकाच ठिकाणी घ्यायचा.

आणि जे एक-दोन विषयांत गेले त्यांना निकालाच्या दिवशीच फोन करा, पेढेवाले दुसऱ्या दिवशी भेटले तरी चालतात. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तिचा फॉर्म निकालानंतर लगेच निघतो, आयटीआयच्या काही ट्रेडला दहावी नापासही चालतो. शाळा कधीच सुटलेला मोठा भाऊ घरात असेल तर त्याला बाहेरून परीक्षेला बसायच्या १७ नंबरच्या फॉर्मचं पण तेव्हाच सांगून टाका, त्याची तारीख वेगळी असते, शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कना विचारलं की सांगतात.