नोकरीची जाहिरात, मुलाखत आणि धर्म: या चुका टाळा

छोट्या आस्थापनांच्या जाहिराती, नेमणूकपत्रं, सुट्ट्यांच्या याद्या लिहून देणं हे माझं रोजचं काम. गेल्या वर्षी एका कारखान्याच्या मालकांनी हिशेबनीस हवा म्हणून मजकूर पाठवला: 'टॅली येणारा, तीन वर्षांचा अनुभव, हिंदू, शाकाहारी, सुसंस्कृत घरातील.' मी फोन केला. "साहेब, हिशेबाला हिंदूच का हवा?" ते क्षणभर थांबले. "अहो, दुपारी सगळे एकत्र डबे उघडतात. उद्या कुणी काही आणलं की कटकट. म्हणून आपलं आधीच लिहून टाकलं."

डब्याची अडचण खरी होती, उपाय मात्र भलत्या जागी होता. हिंदू म्हणजे शाकाहारी हे गणित कोकणात नि कोल्हापुरात तर मुळीच जमत नाही. जेवणाच्या खोलीत काय आणायचं नि काय नाही याचा नियम हवा असेल तर तो लेखी करा, सगळ्यांना सारखा लावा आणि रुजू होतानाच हातात द्या. जाहिरातीत शेवटी एवढंच उरलं: टॅली, जीएसटी विवरणपत्रं, तीन वर्षांचा अनुभव, वेळ साडेनऊ ते सहा. 'सुसंस्कृत घरातील' हेही मी खोडायला लावलं. त्या शब्दांमागचा अर्थ वाचणाऱ्याला बरोबर कळतो आणि लायक माणूस अर्ज करायलाच येत नाही.

कुठलीही अट लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ही कामाची गरज आहे की माणसाची ओळख? देवळात पुजारी हवा असेल तर पूजाविधी येणं आणि त्यावर श्रद्धा असणं ही कामाचीच गरज आहे. गोदामात पेट्या मोजणाऱ्याला तसं काही लागत नाही.

जात लिहिण्याची चूक याहून गंभीर आहे. 'स्वयंपाकाला अमुक जातीचीच बाई हवी' अशा ओळी आजही छापून येतात. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नोकरी-व्यवसायात अटकाव करणं हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीनंतर नोकरीतल्या अटकावाचा स्पष्ट उल्लेख आहे. घरकामाची जाहिरात आहे, कोण बघतंय, असं समजू नका.

आडनावावर संपणारी मुलाखत

एका मुलाखतीला मी बाजूला बसलो होतो. मुलगा बी.कॉम., फाइल काखेत, इस्त्रीचा शर्ट. पहिलाच प्रश्न: "आडनाव?" "मुलाणी." मालकांनी फाइल उघडलीच नाही. "बरं, कळवतो." दीड मिनिटात तो बाहेर. त्याला कळलं, मला कळलं, मालकांनाही कळलं. ते दीड मिनिट मला अजून टोचतं, कारण तेव्हा मीही गप्प राहिलो.

त्यानंतर जिथे जिथे माझं चालतं तिथे मी क्रम बदलून घेतो. आधी अर्ध्या तासाची कामाची परीक्षा: दहा बिलं द्यायची, नोंदी करून घ्यायच्या. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. गुण मांडून झाले की मग मुलाखत, आणि तिथे सगळ्यांना तेच प्रश्न. प्रत्येक उमेदवाराच्या कागदावर नाकारण्याचं कारण एका ओळीत लिहायचं. कारण लिहिताना हात अडखळला, तर ते कारण चुकीचं आहे असं समजा.

आणि एका निरोपाचं काय होऊ शकतं, हे मुंबईनं मे २०१५ मध्ये पाहिलं. हिऱ्यांच्या निर्यातीतल्या एका कंपनीनं एमबीए झालेल्या तरुणाला ईमेलनं कळवलं की आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. ईमेल देशभर फिरला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. कंपनीनं प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्याची चूक म्हणून खुलासा केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. भरतीचे निरोप पाठवणाऱ्या नवख्या माणसालाही काय लिहायचं नाही हे आधीच सांगून ठेवायला हवं.

'संविधानात आहेच' आणि 'आपल्याला लागूच नाही'

या दोन समजुती उलट्या दिशांच्या आहेत आणि दोन्ही गोत्यात आणतात.

उमेदवाराला वाटतं, संविधानात समानता आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीला कोर्टात खेचता येईल. अनुच्छेद १६(२) धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभावाला मनाई करतं, पण ती राज्याच्या अखत्यारीतल्या पदांसाठी. खासगी मालकाला धर्माच्या बाबतीत थेट बांधणारा एकच सर्वसमावेशक केंद्रीय कायदा आपल्याकडे आजही नाही. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. ही पोकळी भरली जायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १११ क्रमांकाचा करार भारतानं १९६० मध्येच मान्य केला आहे, आणि त्यात धर्माचा उल्लेख आहे.

मालकाची समजूत याच पोकळीवर उभी असते. पण जात आली की वरचे फौजदारी कायदे येतात, महिलांबाबत महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा येतो, अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा येतो. एका समाजाविरुद्ध उघड लिहिलं तर पोलीसही येतात. शिवाय सरकारी ग्राहक किंवा परदेशी खरेदीदार असेल, तर करारात भेदभाव न करण्याची अट बहुतेक वेळा असते. मालकांनी तो करार शेवटच्या पानापर्यंत वाचावा.

देवस्थान आणि अल्पसंख्याक शाळा

देवस्थानांचे विश्वस्त सांगतात, आम्हाला संविधानाच्या अनुच्छेद १६(५) ची सूट आहे. त्या उपखंडात म्हटलंय की धार्मिक किंवा सांप्रदायिक संस्थेच्या कारभाराशी संबंधित पदावरची व्यक्ती त्या धर्माची असावी, अशी अट घालणारा कायदा चालेल. सूट खरी आहे, आणि न्यायालयांनी ती बरीच रुंद वाचली आहे. चेन्नईतल्या कपालेश्वर देवस्थानाच्या महाविद्यालयानं २०२१ मध्ये फक्त हिंदूंकडून अर्ज मागवले. मद्रास उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये ती अट वैध ठरवली. तिथे महाविद्यालय देवस्थानाचं होतं, सरकारी अनुदान नव्हतं आणि तमिळनाडूचा देवस्थान कायदा पाठीशी होता. तुमच्या ट्रस्टच्या रुग्णालयातल्या चालकाला तोच निकाल जसाच्या तसा लावू नका. आधी आपल्या संस्थेचा कायदा आणि घटना काढून वाचा.

धर्माची अट चालली म्हणून जातीची चालत नाही. केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळानं ब्राह्मणेतर पुजारी नेमला, तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नेमणूक कायम ठेवली: विधी येत असतील तर जात आड येत नाही. पंढरपुरात जानेवारी २०१४ मध्ये विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यानंतर मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी सर्व जातींकडून आणि महिलांकडूनही अर्ज मागवले.

अल्पसंख्याक शाळांत एक बारीक गोष्ट सुटते. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९७७ च्या कलम ३ मध्ये मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या भरतीपुरती अल्पसंख्याक शाळेला सूट आहे, तीही त्यांची नावं शिक्षण संचालकांना कळवली असतील तरच. 'आमची शाळा अल्पसंख्याक, म्हणून कर्मचाऱ्यांबाबतचे नियम आम्हाला लागू नाहीत' हे चूक. नावं कळवल्याचं पत्र फायलीत सापडत नाही म्हणून शाळा अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

रुजू झाल्यावर

सकाळची आरती, प्रार्थना, खंडेनवमीची यंत्रपूजा यांत कुणाला बोलवायला हरकत नाही. हजेरी लावणं, हात जोडायला लावणं आणि न जोडल्याची नोंद गोपनीय अहवालात करणं, ही चूक. नाशिकच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला.

सुट्ट्यांचं सोपं आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहा होती) तर दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला आठ सणाच्या पगारी सुट्ट्या. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी मालकच ठरवतो आणि ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमेला रजेचा अर्ज आला की कपाळाला आठ्या पडतात. डिसेंबरमध्येच सगळ्यांना विचारा.

दाढीवरून वाद झाला की हवाई दलातल्या मुस्लिम कर्मचाऱ्याला दाढी ठेवू न देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल दाखवला जातो. तो शिस्तबद्ध सशस्त्र दलाबद्दल आहे, किराणा दुकानाबद्दल नाही. कारखान्यात नियम सुरक्षिततेवर उभा करा: लेथवर सैल ओढणी, गळ्यातली माळ आणि मनगटावरचा गंडा, तिन्ही सारखेच धोक्याचे.

उमेदवारांनो, तुमच्या बाजूनं

सरकारी अर्जाच्या धर्माच्या रकान्यात घाबरून खोटं लिहू नका. विशेषतः बौद्ध उमेदवार अजूनही सवलत जाईल या भीतीनं 'हिंदू' लिहितात. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा लाभ केंद्रात मिळतो. दाखल्यावर मूळ जातीची नोंद बरोबर आहे एवढं पाहा. ख्रिस्ती झालेल्या अर्जदाराला मात्र हा लाभ मिळत नाही. फक्त नोकरीतल्या आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगितलेला दावा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळला.

मुलाखतीत धर्म विचारला गेला तर भांडू नका. "या पदासाठी त्याची गरज काय, हे कळलं तर बरं होईल" एवढं शांतपणे विचारा आणि बाहेर पडताच तारीख, वेळ, समोरच्याचं पद आणि त्याचे नेमके शब्द लिहून काढा. व्हॉट्सअॅपवरचा निरोप आला असेल तर तो जपा. दुसऱ्याच दिवशी ईमेलनं निवड न होण्याचं कारण मागा. रागाच्या भरात राजीनामा तर मुळीच लिहू नका. तो दिला की काढून टाकल्याचं सिद्ध करणं फार जड जातं.

दाद कुठे मागायची हे नोकरीवर अवलंबून आहे. राज्य सरकारी नोकरीसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुदत साधारण एक वर्ष. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग तक्रारीची चौकशी करू शकतो, पण त्याचा शेवट शिफारशीत होतो. खासगी शाळेतून काढलं असेल तर शाळा न्यायाधिकरणात अपील, आणि तिथे आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवस असतात. आदेशाचा लिफाफा हातात पडला त्या दिवसाची तारीख त्याच लिफाफ्यावर पेनानं लिहून ठेवा.