थिनरचे सुरक्षा माहितीपत्रक कसे तयार करावे: सुरुवात ड्रमपासून

एमआयडीसीतल्या लहान गाळ्यांत एमएसडीएस, म्हणजे रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, तयार करण्याची एक रुळलेली पद्धत आहे. पार्टी कागद मागते. कोणीतरी नेटवरून दुसऱ्या कंपनीचे पत्रक उतरवून घेतो, वरचे नाव बदलतो, खाली आपला पत्ता टाकतो आणि पाठवून देतो. रंग आणि सॉल्व्हंटच्या कामात मी अशी पुष्कळ पत्रके पाहिली आहेत. दिसायला ती नीटनेटकी असतात, पण आपल्या ड्रमबद्दल त्यात एक ओळही खरी नसते. आणि अंगावर उडालेल्या माणसाला दवाखान्यात नेले की डॉक्टरांच्या हातात तेवढा एकच कागद असतो.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट शहरात पसरला, तेव्हा हमीदिया रुग्णालयात रात्रभर माणसे येत होती आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा वायू कोणता, त्यावर उपाय काय, हे सांगणारे नीट कोणी नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोक्यांची माहिती उघड करण्याची सक्ती आली. १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात नियम आले. त्यातला नियम १७ आणि अनुसूची ९ म्हणजेच आपल्याकडच्या माहितीपत्रकाचा कायदेशीर पाया. जगभर मात्र संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीचे (रसायनांचे धोके ठरवण्याची आणि लिहिण्याची सामाईक पद्धत) १६ विभागांचे पत्रक चालते. माझा सल्ला असा, की १६ विभागांचेच पत्रक करावे आणि अनुसूची ९ मधला प्रत्येक मुद्दा त्यात कुठे ना कुठे आला आहे याची खात्री करून घ्यावी. दोन वेगळे कागद ठेवले की एक सुधारला जातो आणि दुसरा जुनाच राहतो.

उदाहरणासाठी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, थिनर घेऊ. फर्निचरच्या पॉलिशला आणि गाड्यांच्या रंगकामाला तो सगळीकडे लागतो. आपल्या थिनरमध्ये वजनाने टोल्युइन ५५ टक्के, अॅसिटोन २० टक्के, ब्युटाइल अॅसिटेट १३ टक्के आणि मिथेनॉल १२ टक्के आहे असे धरू.

आधी विभाग ३, मग बाकीचे

पत्रक १ पासून १६ पर्यंत क्रमाने लिहायला बसू नका. पहिला भरायचा तो विभाग ३, म्हणजे घटक. ते फॉर्म्युल्याच्या वहीतून न घेता बॅच कार्डावरून, म्हणजे त्या घाण्यात खरोखर काय टाकले त्या नोंदीवरून, घ्या. वहीत टोल्युइन लिहिलेले असते, पण त्या महिन्यात परचेसने स्वस्त म्हणून रिकव्हर्ड (एकदा वापरून पुन्हा शुद्ध केलेल्या) सॉल्व्हंटचे ड्रम आणलेले असतात. अशा ड्रममध्ये काय काय आहे, ते पुरवठादाराचे विश्लेषण प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याची, चाचणी करून घ्या.

हा हट्ट बेन्झिनसाठी आहे. हलक्या दर्जाच्या टोल्युइनमध्ये बेन्झिन मुरलेले असू शकते. ते माणसात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध आहे आणि मिश्रणात ०.१ टक्का जरी असले तरी जीएचएसनुसार पूर्ण मिश्रणावर कर्करोगाचा धोका लिहावा लागतो. इतक्या छोट्या आकड्याने सगळे पत्रक बदलते.

प्रत्येक घटकासमोर सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा जगभर चालणारा नोंदणी क्रमांक, लिहा: टोल्युइन १०८-८८-३, अॅसिटोन ६७-६४-१, ब्युटाइल अॅसिटेट १२३-८६-४, मिथेनॉल ६७-५६-१. एकाच रसायनाला बाजारात चार नावे असतात. मिथेनॉल कोणी 'वूड अल्कोहोल' म्हणते, कोणी नुसते 'स्पिरिट'. क्रमांक मात्र एकच. फॉर्म्युला गुप्त ठेवायचा असेल तर '५० ते ६० टक्के' असा पट्टा देता येतो. पण धोकादायक घटकाचे नावच गाळणे, हे गुपित राखणे नव्हे.

मग विभाग ९ चे आकडे

उत्कलनांक, घनता, बाष्पघनता, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते) हे सगळे विभाग ९ मध्ये येतात आणि पुढचे निम्मे पत्रक त्यांच्यावरच उभे राहते. शुद्ध घटकांचे आकडे पबकेम या रसायनांच्या माहितीकोशात किंवा युरोपियन रसायन संस्थेच्या माहितीकोशात फुकट मिळतात. फ्लॅश पॉइंट असे आहेत: टोल्युइन ४ अंश सेल्सिअस, मिथेनॉल साधारण ११, ब्युटाइल अॅसिटेट २२ च्या आसपास आणि अॅसिटोन उणे २० च्या जवळ. मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट यांची सरासरी काढून लिहू नका. क्लोज्ड कप (बंद भांड्यातली) चाचणी करून घ्या आणि चाचणीची पद्धत आकड्यासमोर नोंदवा. आपल्या थिनरचा निकाल २३ अंशांच्या बराच खाली येणार हे उघड आहे. उकळण्याची सुरुवात मात्र ३५ अंशांच्या वर आहे, म्हणून ज्वलनशील द्रव, वर्ग २.

विभाग २: इथेच खरी मेहनत

धोक्याचे वर्गीकरण करताना प्रत्येक घटकाचा धोका वेगळा मांडायचा आणि मिश्रणातले प्रमाण उंबरठ्याच्या, म्हणजे ज्या टक्केवारीपासून तो धोका लिहावा लागतो तिच्या, वर जाते का, ते पाहायचे. टोल्युइन त्वचेला झोंबते आणि उंबरठा १० टक्के आहे. आपल्याकडे ५५, म्हणजे धोका लागू. टोल्युइन गिळताना फुप्फुसात उतरले तर जीव जाऊ शकतो. त्याचाही उंबरठा १० टक्के, अट एवढीच की मिश्रण पातळ हवे, आणि थिनर पातळच असतो. गर्भाला हानी होण्याची शंका आणि दीर्घकाळ हुंगल्याने मज्जासंस्थेवर होणारा परिणाम हे टोल्युइनमुळे येतात. गुंगी मात्र टोल्युइन, अॅसिटोन आणि ब्युटाइल अॅसिटेट या तिघांमुळे. डोळ्यांची जळजळ अॅसिटोनमुळे.

मिथेनॉलचे गणित इथे करूनच दाखवतो, कारण हाच भाग बहुतेक जण टाळतात. गिळल्यावरच्या विषारीपणात मिथेनॉल वर्ग ३ मध्ये येते आणि त्या वर्गासाठी गणनेत विषारी मात्रेचा अंदाज म्हणून शरीराच्या दर किलो वजनाला १०० मिलिग्रॅम हा आकडा धरतात. सूत्र असे: १०० भागिले मिश्रणाचा आकडा, बरोबर घटकाची टक्केवारी भागिले घटकाचा आकडा. म्हणजे १२ भागिले १००, उत्तर ०.१२. मग १०० भागिले ०.१२ केले की साधारण ८३३ येतात. ३०० ते २००० मधला आकडा वर्ग ४ मध्ये बसतो, म्हणून 'गिळल्यास हानिकारक' हे धोक्याचे वाक्य, जीएचएस संकेतांक एच३०२.

पण इथेच थांबलात तर पत्रक चुकले. मिथेनॉल डोळ्यांच्या नसेवर घाला घालते आणि त्यासाठी वेगळा वर्ग आहे. मिश्रणात ते १० टक्के किंवा जास्त असेल तर 'अवयवांना इजा करते', एच३७०, लिहावेच लागते. आपल्याकडे १२ टक्के आहे. म्हणून लेबलवर 'धोका' हा शब्द, ज्वालेचे चिन्ह, छातीवर तारा असलेल्या माणसाचे चिन्ह आणि उद्गारचिन्ह, ही सगळी हवीत.

विभाग ४ लिहिताना डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवा

मी नोकरीला होतो तिथे पेंट शॉपमधला एक हेल्पर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेला थिनर घोटभर प्यायला. रात्रपाळी होती, बाटलीवर काहीच लिहिलेले नव्हते. दवाखान्यात आमचे पत्रक दिले, त्यात 'टोल्युइन-आधारित सॉल्व्हंट' एवढेच होते आणि प्रथमोपचारासमोर 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. पोटाची आग कमी झाली तसे त्याला घरी सोडले. दुसऱ्या दिवशी त्याला धूसर दिसू लागले. पुढे जीव वाचला, पण नजर पहिल्यासारखी झाली नाही. त्या पत्रकात मिथेनॉल हा एक शब्द असता तर डॉक्टरांनी त्याला त्या रात्री सोडले नसते.

म्हणून हा विभाग असा लिहा. गिळल्यास उलटी करवू नका, कारण टोल्युइन फुप्फुसात उतरते. त्रास दिसत नसला तरी ताबडतोब रुग्णालयात न्या. पुढे डॉक्टरांसाठी वेगळा परिच्छेद हवा: यात १२ टक्के मिथेनॉल आहे, लक्षणे १२ ते २४ तास उशिरा दिसू शकतात, रक्तातील आम्लता तपासावी, उतारा फोमेपिझोल किंवा इथेनॉल, गरज पडल्यास डायलिसिस. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा. श्वासावाटे गेल्यास उघड्या हवेत न्या. 'योग्य ते उपचार करावेत' असल्या ओळी लिहून जागा भरू नका.

आग, सांडणे, साठवण

अॅसिटोन आणि मिथेनॉल पाण्यात मिसळतात, त्यामुळे साधा फोम त्यांच्यावर टिकत नाही. विभाग ५ मध्ये 'अल्कोहोलला टिकणारा फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड' असे स्पष्ट लिहा. पाण्याचा जोराचा फवारा मारला तर टोल्युइन पाण्यावर तरंगत आग पुढे नेते, हेही लिहा.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरकत जाते आणि शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगपाशी पेट घेऊ शकते. यावरून विभाग ७ मधल्या सूचना आपोआप निघतात: वायुवीजन खालच्या बाजूलाही हवे, ओतताना ड्रम आणि भांडे दोन्हींना अर्थिंगची क्लिप हवी. टोल्युइन ओतताना स्थिर वीज साठते, हे कारणही लिहा. कारण कळले नाही तर क्लिप दुसऱ्याच दिवशी खुंटीला टांगलेली दिसते. याच विभागात ठळक अक्षरांत टाका: पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतू नये.

सांडल्यावर आपल्याकडे लाकडाचा भुसा टाकायची सवय आहे. तो थिनर पितो आणि मग स्वतःच पेटतो. विभाग ६ मध्ये कोरडी वाळू लिहा आणि कारखान्यात वाळूच्या बादल्या खरोखर आहेत का, ते जाऊन बघा. नाल्याचे तोंड आधी बंद करावे, हे पहिल्या ओळीत हवे.

'रबरी हातमोजे वापरा' असे लिहू नका

विभाग ८ मधली ही ओळ मला सगळ्यांत जास्त सलते. स्टोअरमध्ये मिळणारा पातळ नायट्राइल मोजा अॅसिटोन काही मिनिटांत भेदते. ब्युटाइल रबर अॅसिटोनला चांगले टिकते, पण टोल्युइनने फुगते. या दोघांना एकत्र रोखायला अनेक थरांचे लॅमिनेट मोजे लागतात. ते महाग आहेत, मान्य. मग निदान असे लिहा: शिंतोड्यांपुरते नायट्राइल, थेंब पडताच बदला, हात बुडवायचे काम असेल तर लॅमिनेटच. मोज्याचा प्रकार आणि तो किती वेळ टिकतो, दोन्ही पुरवठादाराच्या तक्त्यातून घ्या.

मास्कचेही तसेच. कापडी किंवा धुळीच्या मास्कमधून वाफ सरळ आत जाते. मास्कला लावायचे सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज टोल्युइनला चालते, पण मिथेनॉल त्यातून फार लवकर पार होते. म्हणून हवा खेचून नेणाऱ्या पंख्याला पर्याय नाही, असे स्पष्ट लिहा. हवेतल्या वाफेच्या मर्यादा लिहिताना कोणाच्या, तेही सांगा. टोल्युइनसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची सरासरी १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) होती, अमेरिकेतील एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस २० ची आहे. मी दोन्ही लिहितो आणि पंखा २० धरूनच बसवायला सांगतो.

उरलेले विभाग

विभाग १० मध्ये ऑक्सिडायझर आणि तीव्र आम्लांपासून दूर ठेवणे, ११ मध्ये वरच्या गणनेचे तपशील, १२ मध्ये जलचरांवरचा परिणाम. विभाग १३ मध्ये 'स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट' एवढ्यावर भागवू नका. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामाईक केंद्रे आहेत. आपले सदस्यत्व ज्या केंद्राचे, त्याचे नाव लिहा. विभाग १४ मध्ये वाहतुकीची माहिती: यूएन १२६३ (संयुक्त राष्ट्रांचा माल क्रमांक), वर्ग ३, पॅकिंग गट दोन. ट्रकचालकाला द्यायचे ट्रेम कार्ड (वाटेतल्या आणीबाणीत काय करायचे ते सांगणारे) याच आकड्यांवरून बनते, म्हणून दोन्ही कागद जुळवून पाहा. विभाग १ सर्वांत शेवटी भरा आणि आणीबाणीच्या नंबरवर रात्री दोन वाजता स्वतः फोन लावून बघा. ऑफिसची लँडलाइन दिली असेल तर ती वाजतच राहील. विभाग १६ मध्ये तारीख आणि आवृत्ती. घटक किंवा पुरवठादार बदलला की नवी आवृत्ती.

पार्टीला इंग्रजी पत्रक द्या, पण शॉपमध्ये विभाग २, ४, ५, ६ आणि ८ चे मराठी पान लावा. रात्रपाळीला बाहेरच्या राज्यांतली मुले असतील तर हिंदीतही. पान लावण्याआधी ते ज्याने लिहिलेले नाही अशा एखाद्या हेल्परच्या हातात द्या आणि तीन प्रश्न विचारा: डोळ्यात उडाले तर काय करशील, ड्रम पेटला तर कोणता सिलिंडर उचलशील, कोणी प्यायला तर डॉक्टरांना काय सांगशील? तिसऱ्या प्रश्नाला 'मिथेनॉल' हा शब्द त्याच्या तोंडून लगेच आला नाही, तर विभाग ४ पुन्हा लिहायला घ्या.